“तुमच्या घरी म्हणे कचराच निघत नाही?” : आमच्या घराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात आमचं छोटं रो-हाऊस आहे. घरात पाच माणसं : सासूबाई, नवरा, मी, बारावीतला थोरला आणि सहावीतली धाकटी. गेली काही वर्षं आम्ही पाणी, कचरा आणि वीज जरा हिशोबानं वापरतो. भिशीत, हळदीकुंकवाला, नाहीतर गच्चीवर पापड वाळवताना लोक तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं देऊन देऊन सासूबाई कंटाळल्या आणि म्हणाल्या, “एकदा लिहून ठेव बाई.” म्हणून हे.

तुमच्या घरी कचरा निघतच नाही, हे खरं का?

नाही. ही अफवा कुणी उठवली कोण जाणे. दुधाच्या पिशव्या, गोळ्यांची पाकिटं, सॅनिटरी नॅपकिन, धाकटीच्या कुरकुऱ्यांची पाकिटं हे सगळं आमच्याकडेही निघतं आणि घंटागाडीतच जातं. कमी झाला तो ओला कचरा. त्याचं घरीच खत होतं, तो घराबाहेर जवळपास जातच नाही, त्यामुळे आमची कचऱ्याची बादली वास मारत नाही. त्यावरूनच लोकांचा समज झाला असावा.

हे सुरू कशामुळे झालं? पर्यावरणाची आवड होती का?

आवड वगैरे काही नव्हती. एका मे महिन्यात जलवाहिनी फुटली आणि नळाला सातव्या दिवशीसुद्धा पाणी आलं नाही. हौदाचा तळ दिसला. टँकरवाल्यानं मागितलेला पैसा ऐकून नवऱ्यानं वही काढली आणि घरात कुठं किती बादल्या लागतात ते आठवडाभर लिहिलं. त्या वहीनं आम्हाला जी लाज आणली, तिथून सगळं सुरू झालं.

पाणी चार-पाच दिवसांनी येतं. मुळात येतच नाही, ते वाचवायचं काय?

हा प्रश्न अस्सल सोलापुरी आहे, म्हणून याचं उत्तर लांबलचक.

आपल्याकडे पाणी कमी येतं हे खरंच. पण पाण्याच्या दिवशी सकाळी आपल्या गल्लीतली गटार बघा, कशी भरभरून वाहते! कारण काय, तर ‘ताजं’ पाणी आलं म्हणून ‘शिळं’ ओतून दिलं. घागरी, पिंपं, टिपाडं सगळी पालथी. आमच्याकडेही हेच चालायचं. चार दिवस जे पाणी जपून वापरलं, तेच पाचव्या दिवशी बिनदिक्कत ओतायचं. हे पाणी येतं कुठून, तर शंभरएक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून पंपांनी उचलून, नाहीतर धरणातून भीमा नदीत सोडून, औजच्या बंधाऱ्यात अडवून, टाकळीच्या पंपांनी, थोडंफार हिप्परग्याच्या तलावातून. इतका प्रवास करून आलेलं पाणी आम्ही पंधरा फुटांवरच्या गटारात सोडत होतो.

आता आमच्या घरात एकच बदल आहे, पण तो सगळ्यात मोठा : धुणं, फरशी, संडास-बाथरूम घासणं ही सगळी कामं पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी. पूर्वी पाण्याच्या दिवशी आम्ही धुण्याचा डोंगर काढायचो. म्हणजे ताजं पाणी धुण्याला आणि साठवलेलं गटाराला. आता उलट. पिंपात जे उरलं ते धुण्याला, धुण्यातलं शेवटचं खळबळलेलं पाणी फरशीला, आणि पिंप रिकामं झालं की आतून घासून पालथं. सकाळी नवं पाणी स्वच्छ पिंपात पडतं. पाणी आलं नाही तर काय, म्हणून तळघरातला हौद मात्र कधी पूर्ण रिकामा करत नाही. एकदा आमची फजिती झालीय.

पिंप घासायचं दुसरंही कारण आहे. डेंग्यूचा डास मुख्यतः साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. आठवड्यातून एकदा तरी घासलंच पाहिजे. झाकण नीट बसत नसेल तर वर जुन्या सुती धोतराचं फडकं बांधा.

प्यायचं पाणी वेगळं, झाकून, वगराळ्यानं (लांब दांड्याच्या पळीनं) काढायचं. त्यात तडजोड नाही.

संडासच्या टाकीत बाटली ठेवता म्हणे?

हो. एक लिटरची भरलेली बाटली. दर वेळी एक लिटर कमी वाहतं. पाच माणसं धरली तर दिवसाला वीस-पंचवीस लिटर, म्हणजे पाण्याच्या दोन पाळ्यांमधल्या चार-पाच दिवसांत जवळपास अर्धं टिपाड. वीट ठेवू नका, ती पाण्यात झिजते आणि तिची माती झडपेत अडकते.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालता का?

घातलं होतं. कढीपत्ता गेला. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, आणि आरओ ते गाळून त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात जमा करतो. आता ते बादलीत धरून फरशीला आणि गाडी पुसायला वापरतो. झाडांना तांदूळ-डाळीचं धुवण. महापालिकेच्या पाण्याला आरओची गरज असतेच असं नाही. आम्ही पाणी तपासून घेतलं आणि मग तो बोअरपुरताच ठेवला.

गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून उपयोग होतो का? पाऊसच कुठं पडतो?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमची गच्ची ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर. वीस मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला की ११०० लिटर पडतं, त्यातलं आठ-नऊशे हाती लागतं. आपल्याकडे पाऊस थोडा, पण परतीचा सप्टेंबरात येतो तेव्हा धो धो येतो. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं. धूळ, कबुतरांची घाण सगळं त्यातून जातं. पुढचं जाळी आणि वाळूतून गाळून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात. बोअरला पाणी वाढलं का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. अंगणात तळं साचायचं बंद झालं, एवढं नक्की.

खताच्या डब्याचा वास येत नाही? किडे होत नाहीत?

पहिल्या वर्षी दोन्ही झालं. मी उत्साहानं महागडा तीनमजली कंपोस्टर आणला होता. त्यात रोजचं सगळं टाकत गेले : भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, उरलेला रस्सासुद्धा. दहाव्या दिवशी त्यातून काळं पाणी गळायला लागलं आणि वळवळणाऱ्या अळ्या. सासूबाईंनी तो गच्चीच्या जिन्यात ठेवून दिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. (अळ्या निरुपद्रवी असतात, त्या कचरा भराभर खातात, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळून त्याचा काही उपयोग झाला नसता.)

वाट दाखवली ती शेजारच्या अक्कांनी. त्यांच्याकडे शेंगा फोडून चटणीसाठी दाणे काढतात आणि टरफलांची पोती पडून असतात. “हे टाक की गं त्याच्यात, सगळं पाणी पिऊन घेतंय बघ,” म्हणाल्या. आमच्या खतात कमी पडत होतं ते नेमकं हेच. ओल्या कचऱ्याला त्याच्या दुप्पट सुकं काहीतरी लागतं, नाहीतर आत हवा खेळत नाही आणि तो कुजण्याऐवजी सडतो. वास येतो तो सडण्याचा. पुण्या-मुंबईकडचे लोक यासाठी कोकोपीट विकत आणतात. सोलापुरात शेंगांच्या टरफलांना काय तोटा? वर फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ होते, ती पोत्यात भरून ठेवली की वर्षभर पुरते.

आमची आजची पद्धत अशी. चिरलेले दोन जुने माठ, बुडाला चार भोकं, विटांवर ठेवलेले. तळाशी टरफलांचा थर. रोज एक भांडं ओला कचरा बारीक करून टाकायचा, वर दोन भांडी टरफलं किंवा पाला, वर मूठभर जुनं खत. सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक. तीन दिवसांनी एकदा ढवळायचं. मूठभर काढून दाबलं तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. पाणी गळालं तर टरफलं वाढवा, भुसभुशीत कोरडं लागलं तर पाणी शिंपडा. एक माठ भरला की बाजूला, तोवर दुसरा. अडीच-तीन महिन्यांत चहाच्या चोथ्यासारखं काळं, मातीचा वास असलेलं खत होतं.

एप्रिल-मे मात्र वैऱ्याचे. त्रेचाळीस अंशांत माठ इतका सुकतो की आतलं काम थांबतं. शिंपडायला पाणी कुठलं? म्हणून त्या दिवसांत माठ कडुलिंबाच्या सावलीत आणि वर ओलं पोतं. तरीही उन्हाळ्यात वेग मंदच राहतो. काळजी करू नका, पहिला पाऊस पडला की आपोआप सुरू होतं.

माठात काय नको : तेलकट रस्सा, हाडं, आंब्याच्या कोया (वर्षभर तशाच राहतात) आणि लिंबाच्या सालींचा ढीग. साली सासूबाई तांब्या-पितळेची भांडी घासायला ठेवतात.

शिळ्या अन्नाचं काय करता?

शिळं उरू न देणं हेच खरं काम. संध्याकाळी सहाला सासूबाई मोजणी करतात, “कोण किती भाकरी?” ज्यानं दोन म्हटलं त्यानं दोन संपवायच्या. क्लासहून येताना वडापाव खाऊन आलेल्या थोरल्याला याचा फार राग येतो.

तरी उरलंच, तर ज्वारीच्या भाकरीसारखं सोयीचं दुसरं काही नाही. भाकरी चुरून, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी द्यायची. जास्त असतील तर तव्यावर पातळ भाकरी मंद आचेवर कडक करून टाकायच्या. कडक भाकरी आठवडे टिकते, आमटीत कुस्करली की जेवण. आता ती पाकिटात घालून बाहेरगावी विकतात, पण मुळात ती प्रवासाची आणि टिकवायची युक्ती आहे. ज्वारी खाण्यात पाण्याचाही हिशोब आहे. मंगळवेढ्याची मालदांडी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती रब्बीत काळ्या रानातल्या ओलीवर येते. उसाला आणि भाताला लागतं तेवढं पाणी तिला लागत नाही.

भाताचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. भात उरतोच.

बाजारात प्लास्टिकची पिशवी घेतच नाही का?

राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीवर देशभरात बंदी आहे. लक्ष्मी मंडईत मात्र कोथिंबीर अजून पातळ पिशवीतच मिळते. दोष फक्त भाजीवालीचा कसा? मी पिशवी विसरते म्हणून ती देते. घरी आमच्याकडे चाळीस कापडी पिशव्या होत्या, लग्ना-वास्तुशांतीतून आलेल्या, आणि बाजारात हात रिकामे. तोडगा एवढाच निघाला की दोन पिशव्या कायम स्कूटीच्या डिक्कीत. भाजी उतरवली की पिशवी घडी करून चावीच्या खिळ्याला लटकवायची, म्हणजे चावी घेताना पिशवी हातात येते.

कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या, ज्या दुकानदार ‘कापडी’ म्हणून देतात, त्याही प्लास्टिकच असतात. काडी लावून बघा, वितळते.

जुन्या चादरी आणि कपडे?

सोलापूरकराला हे शिकवायची गरज नाही. आमच्या घरात एक चादर आहे, सासूबाईंच्या लग्नातली. आधी ती पाहुण्यांसाठी होती, मग रोजच्या अंथरुणात आली, मग रेल्वेच्या प्रवासात जायला लागली, मग वाकळेच्या आत गेली. आता त्या वाकळेचा अर्धा भाग थोरल्याच्या खोलीत पायपुसणं आहे आणि उरलेला माठावर ओलं पोतं म्हणून. सुती होती म्हणून हे झालं. सुताची चादर शेवटी मातीत जाते, पॉलिस्टरची जात नाही. हल्ली घेताना मी धागा विचारते. स्वस्तातल्या ‘सोलापुरी’ चादरी सगळ्याच सोलापूरच्या असतात असं समजू नका. सोलापुरी चादरीला २००५ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी नकला उदंड.

शाळेचे गणवेश वरच्या वर्गातल्या मुलींकडून येतात, खालच्या वर्गाकडे जातात. बोहारीण येते, पण तिला आता चांगल्याच साड्या हव्या असतात.

गच्चीवर सोलर बसवलंय. किती खर्च आला, फायदा होतो का?

आधी एक सांगते. सोलरच्या आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला साधारण ६५ युनिट वाचतात. आम्ही हे आधी केलं म्हणून तीनऐवजी दोन किलोवॅटवर भागलं.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत गच्चीवरच्या २ किलोवॅट सोलरला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे. अनुदान नंतर खात्यावर येतं, आधी पूर्ण पैसे भरायची तयारी ठेवा. आमच्या २ किलोवॅटचे दिवसाला आठेक युनिट पडतात. लोकांना वाटतं मे महिन्यात सगळ्यात जास्त पडत असतील. तसं नसतं. पॅनेलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. तापलं की त्याचा जोर कमी होतो. आमचे चांगले महिने फेब्रुवारी-मार्च. धूळ मात्र भयंकर बसते. दहा दिवसांनी पहाटे एका बादलीत ओलं फडकं पिळून पुसतो. पाइप लावून धुणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

“फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र असताना तुमच्या दोन किलोवॅटनं काय होतंय?” असं एका भाऊजींनी विचारलं होतं. कोळशाचं फार काही होत नाही भाऊजी, आमचं बिल कमी होतं.

उन्हाळ्यात कूलर की एसी?

आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर इथं उत्तम चालतो, खिडकी थोडी उघडी ठेवली तर. वीज एसीच्या मानानं किरकोळ. पण दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी पितो, तेही मे महिन्यात! इथं वीज वाचवायची की पाणी, हा पेच आहे आणि तो आम्हाला सुटलेला नाही. सध्या दुपारी सोलरच्या विजेवर एका खोलीत एसी २६ वर, सगळे त्याच खोलीत. रात्री कूलर.

गच्चीला दर मार्चमध्ये चुना आणि फेविकॉलचे दोन हात देतो. खालच्या खोलीतला फरक तळहाताला कळतो. सासूबाईंना यात नवल वाटत नाही. त्यांच्या माहेरच्या माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) पांढरी माती असायची, भिंती दोन हात जाड. “तुम्ही सिमेंटचा तवा बांधला आणि आता त्यावर चुना लावताय,” म्हणतात.

गणपती, गड्डा, सणवार?

शाडूची लहान मूर्ती, बादलीत विसर्जन, ती माती पुढच्या वर्षी धाकटी वापरते. निर्माल्य माठात. गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत) धाकटीला प्लास्टिकचं एक खेळणं मिळतं. एकच. वाद घालून झालेत.

गाडी कमी वापरता का?

नाही. यात आम्ही नापास.

कोणत्या वस्तू घेऊन पस्तावलात?

तीनमजली कंपोस्टर. स्टीलच्या स्ट्रॉ (आम्ही आयुष्यात कधी स्ट्रॉ वापरलेली नव्हती). सोलर कुकर, चार वेळा वरण झालं, मग उन्हात जायला कोणी तयार होईना. ‘विघटनशील’ लिहिलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, ज्या दोन वर्षं माठात जशाच्या तशा आहेत. बांबूचे ब्रश वाईट नाहीत, पण थोरल्याचा मोडला.

हे सगळं करायला वेळ कोणाला असतो?

हा प्रश्न नेहमी बायका विचारतात, पुरुष कधीच नाही. पहिलं वर्षभर हे सगळं मी आणि सासूबाईच करत होतो. नवरा चारचौघांत “आम्ही कंपोस्ट करतो” म्हणायचा आणि माठ कुठं ठेवलाय हे त्याला माहीत नसायचं. बँकेतून साडेसहाला येऊन मी कचरा ढवळायचे. मग एके दिवशी मी थांबले. आठ दिवस माठ तसाच. काय वास सुटला म्हणता!

त्यानंतर वाटणी झाली. आदल्या संध्याकाळचं पाण्याचं सगळं काम नवऱ्याचं, पिंपं घासण्यासकट. माठ थोरल्याचा. परीक्षेच्या महिन्यात ते काम मी घेते, पण त्याच्या बदल्यात तो नंतर महिनाभर भांडी घासतो. पॅनेल पुसणं आणि सुका कचरा धाकटीकडे. रद्दीचे पैसे तिचे, म्हणून ती भंगारवाल्याशी माझ्यापेक्षा चांगली घासाघीस करते. सासूबाईंकडे भाकरीची मोजणी आणि सगळ्यांवर ओरडणं. माझ्याकडे बाजार आणि वही. तुमच्या घरी ही वाटणी होणार नसेल तर ताई, माठ आणूच नका. घंटागाडीत ओलं-सुकं वेगळं दिलं तरी पुष्कळ झालं.

जुन्या बॅटऱ्या, बल्ब, मोबाइल?

बरणीत साठवतो. संकलन मोहीम असली की देतो. ओल्या कचऱ्यात कधीही टाकू नका.

तुमच्याकडचं खत विकत मिळेल का? बघायला आलो तर चालेल का?

विकत नाही, असंच मिळेल. डबा आणा. पाण्याच्या दिवशी सकाळी येऊ नका, कोणी दार उघडणार नाही. आणि येताना शेंगांची टरफलं असतील तर पोतंभर घेऊन या. अक्का लेकीकडे गेल्यात, आमची संपत आलीत.